दोन वर्षांची तफावत

मुंबईत मी बावीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची नऊ मयत खातेदारांच्या टेबलावर. खातेदार वारला की त्याचे वारस माझ्याकडे यायचे आणि मी त्यांचे कागद तपासायचे. नाव जुळतंय का, जन्मतारीख जुळतेय का, मृत्यूचा दाखला खरा आहे का. एक जरी गोष्ट जुळली नाही तरी फाईल परत. लोक रडायचे, भांडायचे, एकाने तर माझ्या टेबलावर हेल्मेट आपटलं होतं. मी बधायचे नाही. शाखेत माझ्या पाठीमागे मला काय म्हणत हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानच होता.

मग नवऱ्याची कोबेला बदली झाली आणि मी राजीनामा देऊन त्याच्यामागोमाग आले. इथे मी कोण, तर 'ओकुसान'. म्हणजे कुणाची तरी बायको. पहिल्या महिन्यात मी साखर समजून मीठ आणलं आणि तीन दिवस चहाला नावं ठेवली. क्लासला जाऊन जाऊन बोलण्यापुरती भाषा आली, पण कागद वाचता येईना. जिने जन्मभर कागदच वाचले तिला साधं विजेचं बिल वाचता येऊ नये, याचा मला रोज राग यायचा. "अगं, एन्जॉय कर ना जरा, लाइफ आहे," नवरा म्हणायचा. मी अजिबात एन्जॉय करत नव्हते.

आमच्या वरच्या मजल्यावर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून अख्खी इमारत त्यांना 'सेन्सेई' म्हणते. मी मनातल्या मनात 'बाई'च म्हणते, आपल्याकडे शाळेत म्हणतात तसं. आमची ओळख कचऱ्यावरून झाली. काचेच्या बाटल्यांच्या दिवशी मी पत्र्याचे डबे टाकले होते आणि त्यांनी ते परत आणून माझ्या दाराशी ठेवले. मला संताप आला होता. पण डबे त्यांनी घासूनपुसून आणलेले बघितल्यावर भांडायला तोंड राहिलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी बाई हातात पिवळं पाकीट घेऊन दारात उभ्या. पहिलीच्या मुलांशी बोलावं तसं त्या माझ्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतात, म्हणून मला त्यांचं सगळं कळतं.

"ओकुसान, तुम्हाला इंग्रजी कागद वाचता येतात ना?"

इथे आल्यापासून चार वर्षांत मला कुणी विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न होता. मी त्यांना आत घेतलं आणि टेबलावरची भाजी बाजूला सारली.

बाईंनी सांगितलं ते असं. त्यांच्या आईचे वडील, म्हणजे त्यांचे आजोबा, तरुणपणी याच कोबेच्या बंदरातून बोटीत बसून अमेरिकेला गेले. गाव ओकायामाच्या बाजूचं. मागे बायको आणि पाळण्यातली मुलगी. तिकडे कॅलिफोर्नियात दुसऱ्याची जमीन कसायला घेऊन त्यांनी बटाटे आणि कांदे पिकवले. वर्षातून दोन-तीन पत्रं यायची. एका जानेवारीत शेवटचं पत्र आलं आणि त्यानंतर काही नाही. गावाने लगेच निकाल दिला की त्याने तिकडे दुसरी केली. आजीने नवऱ्याचं नाव पुन्हा घेतलं नाही. घराण्याच्या थडग्यावर ते कोरलं नाही, श्राद्धात ते वाचलं नाही.

"आता माझा भाचा ते थडगं बंद करतोय," बाई म्हणाल्या. "गावात कुणी उरलं नाही, गवत काढायला माणूस मिळत नाही. सप्टेंबरअखेर सगळ्यांच्या अस्थी देवळाच्या सामायिक जागेत जातील. त्या दिवशी भटजी घराण्यातली सगळी नावं शेवटची वाचतील. एकदाच. मग ती कधीच कुणी वाचणार नाही. भाचा म्हणतो, पळून गेलेल्याचं नाव यादीत नको."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"ते खरंच पळून गेले असतील तर मी गप्प बसेन. पण आधी मला कळायला हवं."

पाकिटात त्या शेवटच्या पत्राची प्रत होती आणि कोसेकीची, म्हणजे घराण्याच्या सरकारी नोंदवहीची नक्कल होती. बाईंनी बोट ठेवून वाचून दाखवलं. आजोबांचा जन्म डिसेंबरातला, लग्न, मुलीचा जन्म. मृत्यूची नोंद नाहीच. कागदावर तो माणूस अजून जिवंत होता. माझ्या टेबलावर अशी फाईल आली असती तर मी ती दोन मिनिटांत परत केली असती. इथे मात्र माझे हात शिवशिवायला लागले.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी बरोबर दहाला बाई खाली यायच्या, येताना तांदळाच्या बिस्किटांची पुडी आणायच्या. मी लॅपटॉप उघडायचे. अमेरिकेतल्या जुन्या खानेसुमारीचे हाताने लिहिलेले तक्ते, बोटींच्या उतारूंच्या याद्या, दफनाच्या नोंदी, सगळं आता घरबसल्या दिसतं. कारकुनांची अक्षरं दिव्य होती. पण मी सरकारी दवाखान्यातले मृत्यूचे दाखले वाचलेली बाई, मला कसली भीती! दिवसभर तेच करायचे. नवरा घरी आला की विचारायचा, "आज कोण सापडलं?" आणि मी त्याला कुकर लावायला सांगायचे.

जूनमध्ये एक तक्ता मिळाला. समुद्रापासून आत, एका जिल्ह्यात खंडाने घेतलेलं शेत, एका खोपटात चार जपानी पुरुष. त्यातल्या एकाचं नाव आजोबांचंच. धंदा शेती. विवाहित. मी वय काढलं आणि कोसेकीशी ताडून पाहिलं. तक्त्यातलं वय दोन वर्षांनी जास्त.

"हे नव्हेत," मी म्हटलं.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"एका नावाची माणसं चिक्कार असतात, बाई. जन्मतारीख खोटं बोलत नाही." हे वाक्य मी बँकेत निदान हजार वेळा म्हटलं असेल. कागद बाजूला ठेवला आणि पुढे गेले.

जुलैत दुसरा सापडला. फळबागेवरचा शेतकरी, तेच नाव, आणि वय अगदी चोख. "जुळला!" म्हणून मी टेबलावर थाप मारली. चार वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. मग मी खालच्या ओळी वाचल्या. पत्नी, राहणार सोबतच. मुलं तीन, तिन्ही कॅलिफोर्नियात जन्मलेली.

बाईंना इंग्रजी येत नसलं तरी आकडे येतात. त्यांनी मुलांच्या तीन ओळींवरून बोट फिरवलं. "म्हणजे गावाचंच खरं होतं," त्या म्हणाल्या. चहा तसाच ठेवून उठल्या, दारात वाकून माझे आभार मानले आणि वर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं की भाच्याला फोन करून त्याचं म्हणणं बरोबर असल्याचं कळवलंय.

माझा नवरा म्हणाला, "तू तरी काय करणार? डेटा इज डेटा." त्याचं चूक नव्हतं. तरीही मला लाज वाटत होती. त्या म्हातारीच्या आजोबांवर शिक्का मीच मारला होता, आणि मारताना आनंदाने ओरडले होते. पुढचे दोन मंगळवार बाई खाली आल्या नाहीत. दहा वाजले की मी उगाच जिन्याकडे बघायचे.

ऑगस्टमध्ये इथला पितरांचा सण येतो, ओबोन. त्यासाठी बाई गावी निघाल्या तेव्हा मी त्यांची पिशवी धरायला म्हणून बरोबर गेले. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, नुसता अपराधीपणा होता. गाडी, मग बस, मग भातखाचरांच्या वरचा एक चढ. थडगं म्हणजे चौकोनी उभा दगड, त्यावर शेवाळ. बाईंनी मला बादली आणि घासणी दिली. मी पदर खोचला, म्हणजे पदर नव्हताच, बाह्या वर केल्या, आणि चारी बाजूंनी दगड घासायला घेतला. पुढच्या बाजूला घराण्याचं नाव. बाजूंवर बारीक अक्षरं.

"हे काय आहे?"

"ही आजी," बाई म्हणाल्या. "इथे तिच्या मृत्यूची तारीख. आणि हे वय, एक्क्याऐंशी."

कोसेकी आता मला पाठ होती. मी घासता घासता वजाबाकी केली. सवयच ती. "बाई, तुमच्या पाथरवटाने चूक केलीय. आजी गेल्या तेव्हा ऐंशीच्या होत्या."

बाई महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. "पाथरवट कशाला चुकेल? तेव्हा असंच मोजायचे. मूल जन्मलं की ते एक वर्षाचं. मग नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्या गावाचं वय एकाने वाढायचं. वाढदिवसाशी काही संबंध नाही. मी लहान असताना माझंही वय असंच मोजलेलं आहे. थडग्यावर तर अजूनही बरेच लोक तसंच कोरतात."

मी घासणी थांबवली. माझी आईसुद्धा फोनवर सांगते की तिला एकोणऐंशीवं लागलं, आणि मी दर वेळी तिला दुरुस्त करते की तू अठ्ठ्याहत्तरचीच आहेस. तीही चालू वर्ष धरते. पण इथे तर त्याहून पुढची गंमत होती.

"बाई, एखादं मूल डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलं तर?"

"जन्मताच एक. आठवड्याने नवं वर्ष लागलं की दोन," बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आजोबांचा जन्म सव्वीस डिसेंबरचा. खोपटातल्या त्या माणसाला कारकुनाने वय विचारलं असणार आणि त्याने आपल्या गावाच्या हिशेबाने सांगितलं असणार. दोन वर्षं जास्त! मी ओल्या पायरीवर बसकण मारली. बाईंनी वर्गात शिकवतात तसं बोटांवर दोनदा मोजून बघितलं.

"मग तो तीन मुलांचा बाप?"

"तो दुसऱ्या कुणाचा तरी आजोबा, बाई. त्याला सुखाने नांदू द्या."

मी नऊ वर्षं जे वाक्य लोकांच्या तोंडावर फेकलं होतं ते त्या चढावर माझ्याच तोंडावर आपटलं. त्यातली किती माणसं खरी होती कोण जाणे. तेव्हा मात्र विचार करायला वेळ नव्हता, सप्टेंबर तोंडावर आला होता.

घरी आल्या आल्या मी त्या जिल्ह्यातल्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाला ईमेल केला. उत्तर तो संग्रह सांभाळणाऱ्या एका निवृत्त शेतकऱ्याचं आलं, जो तिथल्या टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीचं गवतही कापतो. त्याने जिल्ह्याची मृत्यूंची वही पाहिली आणि नोंद सापडली. तेच नाव, जपानी, शेतकरी, विवाहित, वय चौतीस, न्यूमोनिया. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. पण त्याच नावाची दोन माणसं असू शकतात हे मीच बाईंना शिकवलं होतं. भाचा हेच विचारणार. गावाचं नाव हवं होतं.

दफनभूमीच्या जपानी कोपऱ्यात अकरा दगड आहेत, असं त्या गृहस्थाने लिहिलं होतं. मागे कुणाकडून तरी वाचून घेतले होते, पण या नावाचा एकही नाही. सोबत अकरा फोटो. बाईंनी चष्मा कपाळावर घेऊन सगळे पाहिले. पुढच्या बाजूला फक्त माणूस मेल्यावर भटजीने त्याला दिलेली नावं होती. ती जिवंतपणी कुणाचीच नसतात.

आणि मला आठवलं की आपण दगडाच्या चारी बाजू घासल्या होत्या. त्या बिचाऱ्याच्या देशात दगडावर एकाच बाजूला लिहितात, त्याने तेवढ्याच बाजूचे फोटो काढले होते. मी त्याला लिहिलं की कृपा करून प्रत्येक दगडाच्या चारी बाजूंचे फोटो पाठवा, आणि आधी पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. त्याने उत्तर दिलं की माझे गुडघे तुमच्या नावाने शंख करतील, पण करतो.

फोटो आले ते शुक्रवारी. बाई दहाला आल्या. सातव्या दगडाच्या उजव्या बाजूवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. ओकायामा. मग तालुका. मग गाव. मग आजोबांचं पूर्ण नाव. डाव्या बाजूला मृत्यूची तारीख आणि वय चौतीस. मागच्या बाजूला लिहिलं होतं की हा दगड शेतावरच्या सोबत्यांनी मिळून बसवला.

तारीख मार्चमधली होती. शेवटचं पत्र जानेवारीत घरी पोचलं, त्याच वर्षीच्या मार्चमधली.

"आजी चाळीस वर्षं पोस्टमन दिसला की आत जायची," बाई म्हणाल्या. "तिला वाटायचं, ते विसरले. आणि ते तर दोन महिन्यांतच गेले होते." त्या रडायला लागल्या, मग मीही. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी उठून नाचावंसंही वाटत होतं. नाचले नाही, पण नवऱ्याला ऑफिसात फोन करून किंचाळले. तो मीटिंगमध्ये होता, तरी म्हणाला, "कमाल आहे यार तुझी!"

मृत्यूची बातमी गावात का पोचली नाही, ते मात्र आम्हाला आजही माहीत नाही. सोबत्यांनी पत्र टाकलंही असेल. ते कुठे हरवलं, याचा कागद कुठेच नाही.

पुढचे दहा दिवस मी फाईल केली. तशी फाईल मी बँकेतही केली नव्हती. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रत्येक इंग्रजी कागदाशेजारी बाईंच्या सुरेख अक्षरात जपानी भाषांतर, महत्त्वाच्या ओळींवर लाल खुणा. वयाच्या हिशेबाला एक स्वतंत्र पान.

देवळात भाचा आमच्या आधी आलेला होता. साठीचा, काळ्या सुटातला, वागायला अतिशय सभ्य. त्याच्या हातात नावांची टाईप केलेली यादी होती. बाईंनी फाईल पुढे केली. त्याने ती पहिल्या पानापासून वाचली, एकही पान न गाळता. अशा माणसांना मी ओळखते, मी स्वतः तशी आहे.

"एक अडचण दिसते," तो शेवटी म्हणाला. "कोसेकीप्रमाणे ते बत्तीस वर्षांचे होते. इथे चौतीस लिहिलंय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईच बोलल्या, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो चाळीस पोरांच्या वर्गासाठीचा आवाज होता. "जन्म कधीचा आहे ते वाच. आणि या घरात त्या काळी वय कसं मोजायचे ते तुला तुझ्या वडिलांनी सांगितलं नसेल, तर मी सांगते. बोटं पुढे कर."

साठीच्या माणसाने खरोखर बोटं पुढे केली. बाईंनी मोजायला लावलं. म्हातारे भटजी बाजूला उभे राहून मान हलवत होते. ते म्हणाले, "माझाही जन्म डिसेंबरचा. पाळण्यात होतो आणि दोन वर्षांचा झालो होतो."

भाच्याने फाईल मिटली आणि ती दोन्ही हातांत धरून तो बाईंसमोर कमरेतून वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. "मी जे ऐकत आलो तेच बोलत होतो. चुकलो," तो म्हणाला. मग खिशातून पेन काढून त्याने यादीत हाताने नाव लिहिलं. बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली, आजीच्या नावाच्या शेजारी.

माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. नऊ वर्षं मी दावे नाकारल्याचा अभिमान बाळगला. मंजूर करून घेतलेला हा पहिला.

भटजींनी यादी वाचायला सुरुवात केली. घराण्यातले सगळ्यात जुने, मग त्यांची मुलं, मग सुना. प्रत्येक नावानंतर क्षणभर शांतता आणि घंटेचा एक टोला. बाई माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. आजीचं नाव आलं, टोला पडला. मग हाताने लिहिलेलं नाव भटजींनी डोळे बारीक करून वाचलं, गावासकट, पूर्ण.

त्यांचा हात घंटेकडे जायच्या आत बाई ओरडल्या, "हाइ!"

इथली पोरं हजेरीला 'हजर' म्हणून ओरडतात ना, तसं. भाच्याने दचकून वर पाहिलं. भटजी थांबले, मग त्यांनी शांतपणे यादीत त्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि घंटा वाजवली.